दहा पानं वाचलेल्यालाही येऊ द्या

संपादक महोदय,

निसर्गलेखन वाचणाऱ्या मंडळात मी निवृत्तीनंतर गेले, तेही बिचकतच. सगळे दुर्बीणवाले असतील असं वाटलं होतं, निघाले माझ्यासारखेच. सध्या इंग्रज निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांचं १७८९चं पुस्तक चालू आहे. सगळी पत्रंच! दिसायला जवळपास सारख्या अशा वटवट्या या छोट्या पक्ष्यांच्या तीन जाती या गृहस्थांनी मुख्यतः आवाजावरून वेगळ्या ओळखल्या. एकाला ही वर्णनं रटाळ वाटली, मला तीच आवडली. वाद बराच रंगला. पुढे रेचल कार्सन यांचं कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं १९६२चं ‘सायलेंट स्प्रिंग’ आहे. त्यातल्या रसायनशास्त्राचा धसका असेल तर ते मंडळातच वाचावं, शंका विचारता येतात. मात्र पुस्तक संपवूनच येण्याची सक्ती अशा मंडळांनी काढावी. नवखे त्यानेच बिचकतात.

– एक निवृत्त शिक्षिका