तो आकडा म्हणजे तू नव्हेस

प्रिय मनू,

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला. लहानपणी सोसलेल्या त्रासाबद्दलच्या इंटरनेटवरच्या त्या दहा प्रश्नांत, प्रत्येक ‘हो’ला एक असे, तुला सहा गुण मिळाले आणि तू लिहिलंस, ‘आता माझं काही खरं नाही.’

ते प्रश्न ज्या संशोधनातून आले, ते अमेरिकेतल्या फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलं. मारहाण, घरातलं व्यसन, आईवर उगारलेला हात अशा चार किंवा जास्त प्रकारच्या गोष्टी लहानपणी सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त दिसला. हे खोटं नाही. धास्तीत वाढलेलं शरीर सावध राहायलाच शिकतं. दार आपटलं की तू अजूनही आधी माझा चेहरा बघतेस.

पण हा हिशोब हजारो माणसांच्या गटाचा आहे. एकट्या माणसाचा धोका त्या गुणांवरून ठरवू नका, असं खुद्द अँडांनीच २०२० साली लिहिलं. एखादी गोष्ट एकदाच घडली की रोज घडायची, हे त्या गुणांत कळतच नाही.

आणि गरिबीबद्दल तर त्यात एकही प्रश्न नाही! भाडं थकलं की घरमालक दार वाजवायचा, आपण आतून कडी लावून बसायचो आणि तू धाकट्याच्या तोंडावर हात ठेवायचीस. ते कुठल्या रकान्यात भरणार? अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या एका गटाला १९९६ पासून त्यांच्या कॅसिनोच्या नफ्यातला वाटा मिळू लागला. त्यामुळे जी घरं गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांचं आक्रस्ताळं, बेबंद वागणं कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं झालं. आईबाप तेच होते, फक्त मुलांकडे लक्ष द्यायला त्यांना उसंत मिळाली. चिंता आणि नैराश्य मात्र तेवढ्याने हटलं नाही, म्हणून तर तू उपचार घ्यावेस असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांना गुण सांगत बसू नकोस. पहाटे तीनला जाग येते, ऑफिसात कुणी आवाज चढवला की हात थरथरतात, हे सांग. वेळ ठरली की कळव. हवी असेन तर मीही येते, नाहीतर बाहेर बसेन.

तुझी,
आई