बर्फात ऑल व्हील की टायर?

संपादक महोदय,

इथे मॉन्ट्रियलला नवीन आलेली आपली मुलं पहिली गाडी घेताना हमखास विचारतात, ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी, घेऊ का, आणि तिकडून पुण्या-नाशिकहून आईबाबाही फोनवर तेच सांगतात की बाबा बर्फ आहे, चारही चाकं फिरणारीच घे, पैशाकडे बघू नकोस. माझं मत जरा वेगळंय. ऑल व्हील गाडी जागेवरून हलवायला मदत करते, थांबवायला नाही! ब्रेक तर साध्या गाडीतपण चारही चाकांना असतातच की. इथल्या कोत-दे-नेज भागातल्या चढावर सिग्नल सुटला की मोठी एसयूव्ही झोकात पुढे निघते आणि उतारावरच्या सिग्नलला तीच सरळ घसरत जाते, कारण खाली ऑल सीझन, म्हणजे बारमाही वापरायचे साधे टायर.

खरी पकड टायरची. साधारण 7 डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, विंटर टायरचं मऊ राहतं, म्हणून तर आमच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्यानेच सक्तीचे आहेत, ऑल व्हीलची सक्ती मात्र इथे नाही. टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे का तेवढं बघून घ्या, सेकंडहँड घेताना तर नक्कीच.

घर चढावर असेल, गल्लीतला बर्फ उशिरा उपसत असतील किंवा दर वीकेंडला लॉरेन्शियनच्या डोंगरात जायचं असेल तर घ्या बापडे ऑल व्हील, पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण शहरातल्या शहरात ऑफिसला जायचं तर आधी चार चांगले टायर, मग बाकीचं.

— एक वाचक, मॉन्ट्रियल