नावे न कळलेल्या कुटुंबांचे आभार

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डग्लस संशोधन केंद्राच्या मेंदूपेढीला, १९८० पासून ज्यांनी आपल्या माणसाचा मेंदू दान केला, त्या कुटुंबांचे हे जाहीर आभार. तेथे शिकत असताना माझ्या हाती येई ती उणे ८० अंशांवर गोठवलेली, केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी कुपी. नाव आम्हाला कळत नसे आणि तेच योग्य होते.

२००९ साली ३६ मेंदूंच्या अभ्यासात, बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पस या, स्मृती आणि ताणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात, ताणाच्या संप्रेरकाला आवर घालण्यास मदत करणाऱ्या एका जनुकावर मिथाइलच्या खुणा, म्हणजे जनुकाचे काम मंदावू शकणाऱ्या रासायनिक खुणा, इतरांहून अधिक आढळल्या. नमुना लहानच होता, हे मान्य. पण ते बालपण संशोधकांना कळले, ते दुःख ताजे असताना प्रश्नांना उत्तरे देत बसलेल्या नातलगांमुळेच. मी वाचलेल्या एका मुलाखतीच्या नोंदीत मध्येच एवढेच लिहिले होते : ‘थांबलो. पाणी दिले. पुन्हा सुरुवात.’ मेंदू देण्याची संमती एकवेळ सही करून देता येते. घरातले सांगणे त्याहून अवघड. आपण ते सांगितलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.