वह्या झाल्या, आता पगाराचं बोला

मा. संपादक, स.न.वि.वि.

जून आला की आपल्या सोलापुरात कुठल्या ना कुठल्या घराण्याचं फाउंडेशन वह्या-दप्तरं वाटतं आणि पेपरात फोटो येतो, वर आजोबांच्या नावाचा बॅनर, पुढे पोरं, मागे पाहुणे. त्यात वाईट काहीच नाही, वह्या लागतातच की. पण मी पूर्व भागातल्या एका छोट्या अभ्यासिकेचा हिशोब बघतो, विडी आणि यंत्रमाग कामगारांची पोरं येतात तिथं, कारण घरात एकच खोली, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली आणि शेजारी टीव्ही चालू, अभ्यास करणार कुठं. आमच्याकडे वह्या कपाटात मावत नाहीत. नसतो तो संध्याकाळी पोरांना घेऊन बसणाऱ्या ताईंचा पगार, भाडं आणि लाईट बिल.

हे मागायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "पगाराला आम्ही देत नाही, वस्तू सांगा." एका फाउंडेशनने मोठ्या मनाने एक वर्ष मानधन दिलं, खोटं कशाला बोलू, फार उपयोग झाला, पण पुढच्या वर्षी त्यांची थीम बदलली, आता म्हणे फक्त झाडं. ताई दुसरीकडे लागल्या आणि दहावीची बॅच मधेच लटकली.

मार्चमध्ये तर गंमतच असते. ट्रस्टला साधारण उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात कामावर खर्च करावी लागते, नाहीतर इन्कम टॅक्सच्या सवलतीची भानगड होते, त्यामुळे वर्षभर फोन न उचलणारे शेवटच्या आठवड्यात स्वतःहून फोन करतात, ३१ च्या आत बिल द्या म्हणून. चार दिवसात काय घेता येतं? पंखे, खुर्च्या आणि परत वह्या!

लोक कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, आणि घराण्याचं फाउंडेशन एकच धरतात. सीएसआरचं कायद्यातच आहे, मोठ्या कंपनीने मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के द्यायचे, मग साहेब लोकांना दरवर्षी रिपोर्टात दाखवायला काहीतरी लागणार हे मी समजू शकतो. पण घरच्या पैशातून चालणाऱ्या फाउंडेशनला कसली घाई आहे? दहा वर्षं एकाच कामामागे उभं राहायचं म्हटलं तर अडवणारं कोण आहे, घरचेच तर ट्रस्टी असतात.

सर दोराबजी टाटांनी १९३२ साली आपली जवळपास सगळी संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली. त्या पैशातून १९३६ ला समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली जिला आज आपण टिस म्हणतो, म्हणजे माणसं तयार करायला पैसा दिला, आणि १९४१ ला परळचं कॅन्सर हॉस्पिटल, जे पुढे सरकारने चालवायला घेतलं. आपल्याकडचे पेशंट अजून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने तिकडेच जातात. तिथं नुसती इमारत बांधून सोडली असती तर कोण गेलं असतं ओ?

दुसरी गोष्ट ओळखीची. कुठल्या फाउंडेशनकडे अर्ज कधी करायचा, कुणाला किती दिलं, का नाकारलं, काही कळत नाही, कुणाच्या तरी मेहुण्याला धरून आत जावं लागतं. हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो हे खरं, पण सामान्य माणूस तिथं जाऊन फाईल कधी बघणार. अमेरिकेत अशा खासगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात कुणाला किती दिले ते लिहिलेलं असतं आणि कुणीही वाचू शकतो. आणि एवढं लांब तरी कशाला, आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले सर २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले, १० लाख डॉलर, ते वार्की फाउंडेशनचंच बक्षीस, म्हणजे एका कुटुंबानेच काढलेली संस्था. अर्ज जगभरच्या शिक्षकांना खुला होता म्हणूनच खेड्यातला मास्तर तिथपर्यंत पोचला ना. (सरांनी त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटली, तेही कुणी न सांगता.)

तर सोलापूरच्या फाउंडेशनवाल्यांना एवढंच म्हणणं आहे की यंदा वह्यांचं बजेट थोडं कमी करा, दोन-तीन अभ्यासिका निवडा आणि निदान ३ वर्षं तिथल्या ताईंचा पगार द्या. बॅनर लावा, फोटो काढा, आमची हरकत नाही, ताईंनाही फोटोत घ्या. अर्जाची तारीख पेपरात द्या आणि फॉर्म मराठीत ठेवा, तेलुगूत पण काढला तर आमच्या भागात जास्तच बरं.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर