नुसतं दूध पिऊन हाडं धरत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला हाडांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी सगळी कामं बाजूला ठेवून हे लिहितेय. पाऊण पान कॅल्शियम, दूध, दही, व्हिटॅमिन डी, आणि शेवटी घाईघाईत एक ओळ, 'सोबत हलका व्यायाम करावा'. हलका म्हणजे काय? कोणता, किती वेळ, कुणी करायचा? जे खरं सांगायचं तेच राहिलं.

आहाराचं लिहिलंय ते बरोबरच आहे, त्याबद्दल लेखिकेचे आभार. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं आणि डी कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मान्य. प्रोटीनचं मात्र नावसुद्धा नाही, हाडाचा सांगाडाच प्रोटीनचा असतो आणि वय झालं की माणसं नेमकं तेच कमी खातात.

पण माझ्या आईनं हे सगळं केलं होतं हो. 12 वर्षं रोज रात्री दूध, जेवणानंतर कॅल्शियमची गोळी, एक दिवस खाडा नाही. 61व्या वर्षी घरातल्या एका पायरीवरून पाय सटकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं कसं मोडलं म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला तर खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.8 आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार (उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की तसं म्हणतात). पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात झपाट्यानं विरळ होतात, आणि आमच्या घरी नेमक्या त्याच वर्षांत आम्ही भावंडांनी तिच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली होती. 'आई तू राहू दे, तू बस.' प्रेमानंच. पिशवी उचलू दिली नाही, जिना चढू दिला नाही. डॉक्टरांनीही जपा, वजन उचलू नका एवढंच सांगितलं होतं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात आईच्या चांगल्या हातात दोन किलोचा डंबेल दिला, तर आईनं तो घेण्याआधी माझ्याकडे बघितलं. उचलू का, असं विचारत होती. ते बघणं मी अजून विसरलेले नाही.

हाड जिवंत असतं, रोज थोडं मोडतं आणि थोडं नवं बांधलं जातं, आणि कुठे किती बांधायचं ते त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं हे 1892 सालीच मांडलंय. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं, आणि अंतराळात भारच नसतो म्हणून तिथे खुब्याची घनता महिन्याला 1 ते दीड टक्का कमी होऊ शकते, ते लोक काय उपाशी असतात का? 2018 साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला, त्यात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलून घेतली, 8 महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. हे तुमच्या लेखात का नाही?

वर लेखात पोहायला सांगितलंय. पोहणं हृदयाला उत्तम, पण पाणी शरीर उचलून धरतं, हाडावर फारसा भार येत नाही. आणि लेखासोबतचा तो फोटो! पांढऱ्या केसांच्या बाई कमरेत वाकून पायाचे अंगठे धरतायत. मणके ठिसूळ झालेल्या माणसानं असं पुढे वाकलं तर मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो, आईला फिजिओथेरपिस्टनं सगळ्यात आधी तेच बंद करायला लावलं. तो फोटो बघून काल किती घरांत कुणी वाकून बघितलं असेल याची मला खरंच काळजी वाटतेय. कृपया खुलासा छापा, आणि ज्यांची हाडं आधीच विरळ आहेत त्यांनी जाणकाराला विचारूनच वजनं सुरू करावीत हेही त्यात लिहा.

अजून एक. रोज किती कॅल्शियम हवं तो चौकोन जांभळ्या रंगावर काळ्या बारीक अक्षरात छापलाय. आईला चष्मा लावून, खिडकीत नेऊनसुद्धा वाचता आला नाही, शेवटी मी वाचून दाखवला. ज्यांच्यासाठी छापता त्यांना दिसेल असा तरी छापा. खुलासा छापाल तेव्हा तो चौकोनही मोठ्या टाइपात परत द्या, आई कापून ठेवणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक