स्क्रीन झाकून माझे कान उघडणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,

स. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या हाती देऊ शकले असते, तरी ते जाहीरपणे लिहीत आहे. डीजे होऊ पाहणाऱ्या नवख्या माणसाला कोणते यंत्र घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु आपल्या कार्यक्रमातला पहिला तास त्याच्या हाती सोपवून स्वतः बाजूला उभा राहणारा क्वचितच भेटतो. तुम्ही ते केलेत, आणि कसे केलेत हे चारचौघांना कळावे असे मला मनापासून वाटते.

काय विकत घेऊ, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न होता. उत्तरादाखल तुम्ही तुमचा जुना, दोन चॅनेलचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी वाजवून मिसळण्याचे यंत्र, काढून दिलात आणि नवीन घेण्याचे नंतर बघू म्हणालात. दोन डेक, म्हणजे गाणी वाजवण्याच्या दोन जागा, मधे त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि पुढचे गाणे हेडफोनमध्ये आधी ऐकण्याची सोय एवढे असले की शिकणे सुरू होते. बाकीची बटणे हळूहळू कळत जातात.

त्यानंतर तुम्ही लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाकलात आणि सिंकच्या बटणाला हात लावायचा नाही असे बजावलेत. दोन्ही गाण्यांचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, आकड्यांत समोर दिसत असताना आणि एक बटण दाबले की यंत्रच ती जुळवून देत असताना हा आग्रह कशासाठी, असा प्रश्न आज शिकणाऱ्या कोणालाही पडेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिते. १२० बीपीएमच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. त्यावर आणलेले गाणे १२१ चे असेल तर सुरुवातीला सारे सुरळीत वाटते, पण अर्ध्या मिनिटात ते अर्धा ठोका पुढे निघून गेलेले असते आणि दोन्ही गाण्यांच्या किक, म्हणजे ड्रमचे जड ठोके, एकमेकींच्या मधे पडू लागतात. एका कानावर हेडफोन, दुसरा कान खोलीतल्या आवाजाकडे, अशा अवस्थेत कोणते गाणे पुढे पळते आहे हे ओळखायचे, जॉग व्हीलला, म्हणजे डेकवरच्या गोल चकतीला, बोटाने किंचित ढकलून किंवा अडवून ते जागेवर आणायचे आणि मग पिच फेडर, म्हणजे गाण्याचा वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी, केसभर सरकवून ते तिथेच टिकवायचे, हे तुम्ही माझ्याकडून न कंटाळता करून घेतलेत. खरा ढोलकिया किंवा ड्रमर वाजवत असलेल्या जुन्या गाण्यांची लय मधेच थोडी वाढते, थोडी मंदावते, आणि सॉफ्टवेअरने आखलेल्या सरळ रेघांत ती बसत नाही. अशा वेळी कानच कामी येतो, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

मोठ्याने मोजायलाही तुम्हीच लावलेत. चार ठोक्यांचा एक बार, असे आठ बार म्हणजे बत्तीस ठोके, आणि नृत्यासाठी बनलेल्या बहुतेक गाण्यांत काही नवीन घडते ते बहुधा या बत्तिसाच्या उंबरठ्यावरच. नवे गाणे तिथेच आत आणायचे, आणि ते येताना आधीच्या गाण्याचा बेस उतरवून नव्याचा चढवायचा, कारण दोन बेस एकत्र वाजले की खालचा सगळा आवाज गढूळ होतो. या दोन सवयी लागल्यावर माझे मिक्स कानाला गोड लागू लागले.

तुम्ही इतिहास सांगितलात तोही याच ओघात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्क यांनी गाणी वाजवली, आणि त्या काळात त्यांनी हेरले की नाचणारे लोक गाण्यातल्या केवळ तालवाद्यांच्या तुकड्याची, म्हणजे ब्रेकची, वाट बघत थांबतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून ते तो तुकडा लांबवू लागले. हे सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "युक्ती हातात नव्हती, बघण्यात होती." डीजेच्या कामाबद्दल मला आजवर मिळालेली सर्वांत मोलाची शिकवण हीच आहे.

तिची परीक्षा त्या पहिल्या तासात झाली. सुरुवातीचा तास वाजवणाऱ्याने लोक ज्यांची वाट बघत असतात ती गाणी संपवून टाकायची नसतात. आवाज माणसांना बोलता येईल इतका, लय बेताची, आणि पुढच्या डीजेला वर चढायला जागा राखलेली, हे तुम्ही आधीच समजावले होते. फ्लोअर रिकामा होता आणि मंडळी भिंतीकडेने उभी होती. तुम्ही मिक्सरला हात लावला नाहीत. फक्त वाकून म्हणालात, "त्या कोपऱ्यातल्या बायकांचे पाय बघ." चेहरे गप्पांत होते, पण दोघींच्या टाचा बरोबर ठोक्यावर उचलल्या जात होत्या. मी लय न वाढवता त्याच धाटणीचे आणखी एक गाणे लावले, आणि थोड्याच वेळात त्या दोघीच सर्वांच्या आधी पुढे आल्या. मधे एक गृहस्थ येऊन, मी समोर उभी असताना, फर्माईश तुम्हाला सांगू लागले. तेव्हा "वाजवतायत त्या, त्यांना सांगा" एवढेच बोलून तुम्ही मागे सरलात. या क्षेत्रात मुलीला असे वाक्य ऐकायला मिळणे किती दुर्मीळ आहे, याची तुम्हालाही कल्पना नसेल.

कार्यक्रमांच्या कामाचे जे शिकवलेत, त्याबद्दलही आभार मानायलाच हवेत, कारण कामे मिळतात ती बरीचशी त्यामुळेच. लोक येण्याच्या पुष्कळ आधी पोहोचावे आणि साउंडवाल्या दादांशी स्वतःहून ओळख करून घ्यावी. तीच गाणी असलेला दुसरा पेनड्राइव्ह खिशात असावा. मानधन आणि संपण्याची वेळ आधीच लेखी ठरवावी. डीजेसमोर मॉनिटर स्पीकर मागून घ्यावा, कारण वीस मीटरवरच्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात, आणि १२० बीपीएमला हे अंतर ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भरते. त्या आवाजावर मिक्स जुळवू गेले तर ते चुकणारच. मिक्सरवरचा लाल दिवा लागू द्यायचा नाही, कारण त्यापुढे आवाज वाढत नाही, नुसता फाटतो.

आणि कानांची काळजी. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. हे सांगताना तुम्ही तुमच्या डाव्या कानात सतत वाजणाऱ्या शिटीबद्दल बोललात, आणि इअरप्लगची एक नवी जोडी माझ्यासमोर ठेवलीत. ती घातल्याशिवाय मी आजही मिक्सरपाशी उभी राहत नाही.

त्या कार्यक्रमानंतर तुम्ही आयोजकांचा क्रमांक मला थेट दिलात, मधे स्वतःचा हिस्सा ठेवला नाहीत, आणि पुढचे काम त्यांनी मला विचारले तेव्हा तुम्हाला माझ्याहून अधिक आनंद झाला. त्या कामातून दुसरे आले, दुसऱ्यातून तिसरे, आणि आज आपल्या भागातले लोक मला माझ्या नावाने बोलावतात. यासाठी मी तुमची अत्यंत ऋणी आहे.

आपली नम्र विद्यार्थिनी