हेलनवर खापर कशाला?

महोदय,

ट्रॉयचे युद्ध एका स्त्रीच्या रूपापायी पेटले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ग्रीक कथा इतकी सोपी नाही. सर्वांत सुंदर कोण, याचा निवाडा करून घ्यायला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्यापुढे तीन देवी आल्या त्या लाच घेऊनच: हेराने राज्य देऊ केले, अथेनाने युद्धात विजय, अ‍ॅफ्रोडायटीने हेलन. म्हणजे सौंदर्याचा निकाल सौंदर्यावर लागलाच नाही. शिवाय हेलन होती स्पार्टाचा ग्रीक राजा मेनेलाउस याची बायको; पॅरिसने तिला ट्रॉयला नेले. तिला विचारतो कोण!

युद्धाची बीजे त्याआधीच पेरली होती. हेलनला मागणी घालायला जमलेले राजे आपसांत भिडतील, या धास्तीपोटी राजा ओडिसियसने तिच्या वडिलांना तोड सुचवली. निवड कोणाचीही होवो, त्या नवऱ्याच्या पाठीशी सर्वांनी उभे राहायचे, अशी शपथ आधीच घ्यायची. (मोबदल्यात त्याने पेनेलोपीशी स्वतःचे लग्न जुळवून घेतले.) भांडण टाळण्यासाठी घेतलेल्या त्याच शपथेने पुढे या राजांना ट्रॉयच्या स्वारीत ओढले.

या युद्धावरील होमरच्या 'इलियड' महाकाव्यात, तिसऱ्या सर्गात, ट्रॉयच्या तटावर बसलेले म्हातारे हेलनला पाहून कुजबुजतात, हिच्यासाठी लढणाऱ्यांना दोष देता येत नाही. आणि लगेच म्हणतात, तरी जाऊ दे हिला परत. पुढे हेलन अ‍ॅफ्रोडायटीला तोंडावर सुनावते: पॅरिसपाशी तूच जाऊन बस. देवी धमकावते, तेव्हा ती निमूट जाते. इ.स.पू. 412 मध्ये ग्रीक नाटककार युरिपिडीसने तर आपल्या नाटकात खरी हेलन इजिप्तमध्येच ठेवली. ट्रॉयला गेली ती नुसती छायाकृती.

जाता जाता, ज्यावरून तीन देवींत वाद झाला ते 'सर्वांत सुंदर देवीसाठी'चे सोन्याचे सफरचंद होमरमध्ये शोधू नये. तिथे 24व्या सर्गात निवाड्याचा फक्त ओझरता उल्लेख आहे.

– एक वाचक